आधी म्यान, मग धार

बाळ, आबांचा कोयता माळ्यावरून खाली काढलास आणि त्याला नवी मूठ नि कातडी म्यान करून घ्यायचं मनावर घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. फुलंब्रीकडच्या रानात आता तूच जाणार, बांधावरच्या बाभळी तूच छाटणार. तेव्हा कोयता तुझ्याच हाताचा हवा. तू काढलेली चित्रंही पाहिली. मुठीवर वेलबुट्टी, पात्यावर नाव, म्यानाला झालर. हौस असू दे, हौसेशिवाय हत्याराची निगा कुणी राखत नाही. झालरीचं मात्र नंतर बघू.

तुझ्या चित्रात सगळ्यात आधी धार आहे, तिथेच तुला अडवतो. क्रम असा ठेव: आधी काम ठरव, मग लोहार, मग मूठ, मग म्यान, आणि धार सगळ्यांत शेवटी. धारेपासून सुरुवात करणारा माणूस पुढचे पंधरा दिवस उघडं, कापरं पातं घेऊन घरभर वावरतो, मुठीसाठी ते शिकंज्यात धरतो, म्यानाच्या मापासाठी मांडीवर ठेवतो. बोटं जातात ती त्या पंधरा दिवसांत.

आणि एक सांगतो. आपल्या मराठवाड्यात कोयता हे पोटाचं साधन आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड-जालन्यातली आणि आपल्याच पैठण-कन्नडकडची माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी तिथे एक कोयता म्हणून मोजली जाते आणि मुकादम उचल देतो तीही त्याच हिशेबाने. त्या हत्याराचं नाव अलीकडे मारामाऱ्यांच्या बातम्यांतच वाचायला मिळतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू त्याला परत रानात नेते आहेस, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो.

हात लावण्याआधी

१. कोयता कशावर चालवणार ते आधी ठरव – उसाला पातळ नि हलकं पातं लागतं, बाभळीच्या फांदीला जाड आणि टोकाकडे वजन असलेलं. दोन्ही एकात मागितलंस तर लोहार मान हलवील आणि तुला दोन्ही मिळणार नाहीत.

२. पात्याचा घाट बदलू नकोस. पाठीकडून दुसरी धार किंवा भोसकणारं टोक अजिबात नको – १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात, आणि घरकाम, शेती, कारखाना, शास्त्रीय काम यांसाठी घडवलेली तेवढी त्यातून वगळली आहेत. शेतीचं हत्यार शेतीचंच दिसलं पाहिजे, यात तुझीच सोय आहे.

३. संभाजीनगर शहरातून नेताना कोयता म्यानात, म्यान पिशवीत आणि पिशवी डिकीत. कमरेला लावायचा तो रानात पोचल्यावर – सणावारी नि निवडणुकांच्या दिवसांत पोलीस आयुक्त १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातल्या कलम ३७ खाली हत्यारं घेऊन फिरण्यावर बंदी घालतात, आणि गुलमंडीच्या गर्दीत तू कोणत्या कामाला निघालीस हे कुणाला कपाळावर वाचता येत नाही.

४. कोयता हातात घेऊन काढलेला फोटो मोबाइलवर फिरवू नकोस – असल्या फोटोंवरून पोलीस घरी येतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. फोटो हवाच असेल तर पाटावर ठेवलेल्या मुठीचा काढ.

५. ऑनलाइन दिसणाऱ्या दिखाऊ तलवारी-सुऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस – २०१८ मध्ये आपल्याच शहरात घरपोच मागवलेली असली हत्यारं पोलिसांनी धाडी घालून जप्त केली होती. वर त्या पात्यांचं पोलाद कामाचंही नसतं. चकाकी दुकानाची, धार रानाची.

६. घरात आणखी एखादं जुनं पातं निघालं, तर त्याला पॉलिश पेपर लावण्याआधी उन्हात तिरकं धरून बघ – पोलादात पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर थांब.

हे सहावं थोडं उलगडून सांगतो, कारण आपल्या भागात ते खरोखर घडू शकतं. दख्खनचं पोलाद एके काळी जगभर नावाजलेलं होतं. निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम गावातून त्याच्या वड्या इराणपर्यंत जात आणि तिथले कारागीर त्यांच्या तलवारी घडवत. तो मुलूख आणि आपलं संभाजीनगर १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्यात होते, म्हणजे असं एखादं पातं इकडच्या वाड्यात राहून गेलं असेल तर नवल नाही. ग्राइंडरच्या दहा मिनिटांत ती नक्षी पुसली जाते, आणि पुन्हा वर आणायची तर ती विद्या असलेली माणसं आता फार थोडी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात येते, हेही ध्यानात ठेव. अशी वस्तू मिळाली तर विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात दाखव आणि तोवर नुसतं पातळ तेल लावून ठेव. आबांचा कोयता मात्र साधा आहे, बहुधा ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला. त्याला बिनधास्त हात लाव.

लोहाराकडे

७. नेण्याआधी चीर तपास: पात्याला रॉकेल चोळ, कोरडं पूस, वर खडूची पूड लाव आणि चहा होईस्तोवर थांब – चिरेत शिरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. रेघ धारेपासून पाठीकडे निघाली असेल तर त्या पात्याला निरोप दे. ठोक्यात तुटलेला तुकडा कुणाकडे जाईल सांगता येत नाही.

८. जुनी मूठ घरीच काढ – भट्टीत ती जळणारच, आणि मुठीत लपलेल्या शेपटीला किती गंज खाल्लाय ते त्याशिवाय दिसत नाही.

९. लोहाराला ‘शेवटून दे’ (तापवून-ठोकून नीट कर) एवढंच सांगून चहाला जाऊ नकोस. काय तोडणार, उजवी की डावखुरी, ते सांग आणि शेजारी बस – एकाच अंगाने धार असलेलं पातं डाव्या हाताला उलटं पडतं, आणि तू डावखुरी आहेस हे त्याला स्वप्नात कळणार नाही. लोहाराशी बोल, मग कर मोल.

१०. पाणी फक्त धारेकडच्या बाजूला द्यायला सांग, पाठ मऊ राहू दे – कडक धार कापते नि मऊ पाठ ठोका सोसते. सगळंच कडक झालं तर गाठीवर बसताच पातं तुटतं.

११. दुसऱ्या दिवशी धारेवर हलक्या हाताने कानस फिरव – ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी जास्त झालं, लोण्यात शिरावी तशी शिरली तर कमी. जरा नाखुशीने धरली की बेतशीर.

१२. गॅरेजातल्या ग्राइंडरवर पातं देऊ नकोस – घासता घासता कडेला निळा रंग चढला म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं, आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. तिथली धार पुढे रोज वळणार.

१३. गंज काढायला चिंचेचा कोळ रात्रभर लाव, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू आणि चुलीच्या उबेला वाळव – चिंचेचं आम्ल गंज सोडवतं, पण पात्यावर राहिलं तर दुपारपर्यंत तेच नवा गंज आणतं.

१४. खाली उरलेला काळपटपणा घासत बसू नकोस – तो थर पात्याची राखण करतो. आबांनी पंचवीस पावसाळे त्याच्यावरच काढले.

१५. नाव पात्यावर घालू नकोस, मुठीच्या टोपणावर घाल. भांड्यांच्या दुकानात मशीनने नाव घालून देतात तिथेच होईल – पात्यावरच्या खोल अक्षरांत घाम नि चीक साचतो, आणि अक्षर धारेजवळ असेल तर चीर तिथूनच सुरू होते.

मूठ

१६. लाकूड बाभळीचं घे, मिळालं तर धावड्याचं. सागवानाचा मोह आवर – सागवान दारं-खिडक्यांना उत्तम, पण ठोक्यावर ठोके बसले की रेषेने उभं चिरतं. धावडा आपले बापजादे कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरत आले, ते उगाच नाही.

१७. लाकूड पुरतं वाळलेलं असू दे आणि मूठ शक्यतो उन्हाळ्यात बसव – पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाची घट्ट मूठ आपल्या चाळीस अंशांच्या मे महिन्यात खुळखुळायला लागते. उलटं झालं तर पावसात ती आणखी आवळते, म्हणजे फायदाच.

१८. मुठीची जाडी तुझ्या हाताने ठरव: पकडल्यावर बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकली पाहिजेत – बाजारातल्या मुठी पुरुषी पंजाच्या असतात. फडात मोळ्या बांधणाऱ्या नि ऊस तोडणाऱ्या बायका त्याच जाड मुठी आवळून धरतात आणि रात्री मनगटं चोळत बसतात. एवढं साधं माप कुणी त्यांना विचारून घेतलं असतं तर किती हात वाचले असते.

१९. मूठ गोल करू नकोस, अंडाकृती कर – न बघताही धार कुठल्या अंगाला आहे ते हाताला कळतं. गोल मूठ तळव्यात फिरते आणि घाव तिरका बसतो.

२०. शेवटाला खाली वळलेलं जाड बोंड ठेव – घामाने हात निसटला तर करंगळी तिथे अडते.

२१. मनगटात अडकवायची दोरी नको – निसटलेला कोयता दूर जाऊन पडलेला बरा. दोरीला लटकलेला तो फिरून तुझ्याच गुडघ्याकडे येतो.

२२. शेपटी बसवायला लाख भर किंवा अॅरल्डाइट, दोन्ही चालतील – दख्खनी तलवारींच्या मुठी लाखेनेच बसवत, आणि लाखेचा गुण असा की तापवून मूठ पुन्हा सोडवता येते. पण त्याच गुणापायी लाखेचा कोयता मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही. अॅरल्डाइट लावलंस तर पुरता एक दिवस हात लावू नकोस.

२३. रिपिटा तांब्याच्या किंवा पितळेच्या घे, आणि ठोकल्यावर डोकी कानशीने लाकडाच्या बरोबरीला आण – वर राहिलेलं डोकं पहिल्याच तासात तळव्याला फोड आणतं.

२४. व्हार्निश नको, जवसाचं तेल चोळ. पातळ हात, अर्ध्या तासाने पुसून कोरडं, असं चार-पाच दिवस – व्हार्निशवर हात सरकतो आणि फोड येतात, जवसाचं तेल लाकडात मुरून तिथेच सुकतं.

२५. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. पाण्यात बुडव किंवा दोरीवर पसरून वाळव – ते तेल सुकताना तापतं, आणि बोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. सगळ्या पत्रातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असलीस तर हे ठेव.

२६. वेलबुट्टी हवी ना, मग ती मुठीच्या टोपणावर घे, पकडीच्या जागी नको – कोरलेल्या रेषा तळव्याला कापतात. बिदरीचं टोपण करावं अशी तुझी कल्पना मला फार आवडली. बिदरीचं काम जस्ताच्या मिश्रधातूवर होतं, त्यामुळे ते टोपणालाच शोभतं. पात्यावर करून द्या म्हणून बीदरच्या कारागिराला गळ घालू नकोस.

म्यान

इथे घाई करू नकोस. कोकणात कमरेला लाकडी आकडी बांधतात आणि कोयती तिच्यात अडकवून माडावर चढतात, पातं उघडंच. कोडगूची माणसं ओडिकत्ती पाठीवरच्या पितळी तोडंगात खोवतात. आपल्याकडे ऊसतोडीचा कोयता बहुधा फडक्यात नाहीतर गोणपाटात गुंडाळून जातो. म्हणजे कोयत्याच्या कातडी म्यानाचा ठरलेला नमुना आपल्या भागात नाही, तो तुलाच बसवायचा आहे. पैठण गेटच्या बाजूला किंवा तुमच्या कोपऱ्यावर चप्पल-बूट हाताने शिवणारा जाणता कारागीर गाठ. नेटवर पाहिलेलं चित्र त्याला दाखव जरूर, पण शेवटचा शब्द त्याचा.

२७. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं माग, साधारण तीन-चार मिलिमीटर जाडीचं – बाभळीची साल नि हिरडा यांनी कमावलेलं चामडं ओलं असताना घेतलेला आकार वाळल्यावर सोडत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच असतं. ती चप्पल इतकी वर्षं का टिकते ते त्यातच आलं.

२८. चामडं ओळखायची खूण: कापलेली कड बघ आणि पाण्याचा एक थेंब टाक – सालीचं आतपर्यंत तपकिरी असतं, थेंबाने गडद होतं नि नखाचा ठसा धरतं, क्रोमच्या चामड्याची कड बहुधा निळसर-करडी दिसते आणि ते ठसा धरत नाही.

२९. म्हशीचं चामडं मिळालं तर नाक मुरडू नकोस – राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे कारागीर बहुधा म्हशीचंच देईल, आणि म्यानाला ते जाडजूड चामडं झकास.

३०. आधी पुठ्ठ्याचं म्यान कर, त्यात कोयता घालून-काढून बघ, जमेपर्यंत पुठ्ठे बदल – पुठ्ठा फाडावा दहादा, चामडं कापावं एकदा.

३१. कोयत्याचं टोक आत वळलेलं, म्हणून वरून सरकवायचं म्यान करू नकोस. पाठीकडून उघडं ठेव, म्हणजे पातं आडवं आत बसेल – सरळ म्यानात वाकडं पातं घुसवलं की ते पहिल्याच दिवशी शिवण कापतं.

३२. धारेच्या बाजूला दोन चामड्यांच्या मध्ये तिसरी पट्टी घाल, पातं जेवढं जाड त्याहून थोडी जास्त जाडीची – धार त्या पट्टीवर टेकते आणि दोरा सुरक्षित राहतो. कारागीर ‘कशाला ताई, सोल्युशन आहे की’ म्हणेल. तू गोड बोलून पट्टी घालूनच घे.

३३. शिवण हाताची, दोन सुयांची, मेण चोळलेल्या दोऱ्याची – आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. मशीनच्या टाक्याचा भरवसा पिशवीला पुरे.

३४. शिवून झाल्यावर म्यान कोमट पाण्यात भिजव, कोयत्याला तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळ, आत घाल आणि बोटांनी दाबून आकार दे. वाळवायचं सावलीत – उन्हात चामडं आखडतं नि तडकतं, आणि प्लास्टिक नसेल तर ओल्या चामड्यातला तुरटपणा पात्याला एका रात्रीत काळं करतो.

३५. म्यानाला लोखंडी खिळा, लोखंडी बटण काहीही नको – साल आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा डाग पडतो. पूर्वी हिरडा नि हिराकस मिळून शाई होत असे, तीच ही गोष्ट. डाग पडलाच तर लिंबाचा रस हलकेच फिरव.

३६. उलट म्यान काळंच हवं असेल तर हाच गुण कामाला लाव: गुळाच्या पाण्यात लोखंडाचा कीस काही दिवस आंबव, गाळ, आणि फडक्याने लाव – कलमकारीवाले कापडावरची काळी रेघ अशाच पाण्याने काढतात. वाळल्यावर ओल्या फडक्याने नीट पूस आणि तेलाचा हात दे.

३७. तळाशी एक बारीक भोक ठेव – आत गेलेलं पाणी नि माती बाहेर पडते. ज्याचं म्यान ओलं, त्याचं पातं मेलं.

३८. हिमरूचं अस्तर लावायचा बेत सोड – दिसेल राजेशाही, पण कापड ओल धरून ठेवतं आणि त्यात अडकलेली वाळू पात्याला ओरखडे काढते. हिमरूच्या तुकड्याचा बटवा शिव आणि त्यात निसणा ठेव.

३९. त्या निसण्यासाठी म्यानाच्या बाहेरच्या अंगाला छोटा कप्पा करून घे – गुरख्यांच्या खुकरीच्या म्यानात कर्दा आणि चकमक अशी दोन छोटी पाती असतात, त्यातली बोथट चकमक धार सरळ करायला. दगड जवळ असला की धार वेळच्या वेळी लागते.

४०. बंद करायचा पट्टा पाठीकडे ठेव, धारेवरून आणू नकोस – धारेवरचा पट्टा कधी ना कधी कापला जातो, आणि तो घाईने लावताना अंगठा नेमका धारेसमोर येतो.

४१. कमरपट्ट्यात अडकवायचा फासा इतका लांब ठेव की बसताना म्यानाचं टोक मांडीला टोचणार नाही, आणि स्कूटरवर बसण्याआधी ते काढून ठेवायची सवय कर – पडलीस तर रस्त्याचा मार पुरे, कोयत्याचा वर नको.

४२. झालर? बाळ, झालर फांद्यांत अडकते – रिकाम्या जागेत पंचाने चार मोरपिसं उठवून घे, ती कुठे अडकत नाहीत आणि ओल्या चामड्यावर फार सुबक येतात.

आता धार

४३. म्यान पुरतं वाळल्यावरच दगड काढ; भर दिवसा, जमिनीवर बसून, पोराटोरांना बाहेर पाठवून – उभ्याने नि गप्पा मारत लावलेली धार कमी-जास्त होते, नजर मात्र नक्की हटते.

४४. कुरुंदाचा दगड पाण्यात भिजवून घे, पहिल्या घासण्याचा कोन शेवटपर्यंत ठेव, आणि बाभळीसाठी कोन जरा उभा राख – फार निमुळती धार लाकडाच्या गाठीवर मुडपते.

४५. धार अंगठ्यावर तपासू नकोस, ज्वारीच्या धाटावर तपास – धाट खोटं बोलत नाही आणि रक्तही काढत नाही.

४६. धार लागली की लगेच म्यानात, ‘एवढं आवरते नि ठेवते’ नाही – घरातले अपघात त्या एवढ्याशा वेळातच होतात.

रोजचं वागणं

४७. कोयता काढताना म्यानाचं धारेकडचं अंग मुठीत धरू नकोस, पाठीकडून धर – शिवण एखाद दिवशी दगा देऊ शकते, आणि तेव्हा तिच्यापलीकडे तुझी चार बोटं असता कामा नयेत.

४८. महिनाभर लागणार नसेल तर पातं म्यानाबाहेर ठेव, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, कुलुपात – चामडं हवेतली ओल ओढतं आणि आषाढ-श्रावणात आत गंज धरतो. खोबरेल चालेल, करडईचं तेल पात्यावर चिकट होऊन बसतं.

४९. म्यानाला वर्षातून दोनदा तेलाचा हलका हात, पावसाळ्याआधी नि उन्हाळ्याआधी – विहिरीवरच्या चामडी मोटेलाही तेल पाजून मऊ ठेवत. पण फार पाजलंस तर म्यान लुळं पडतं आणि आकार सोडतं.

५०. बुरशी आली तर घाबरू नकोस. कोरड्या फडक्याने अंगणात पूस आणि वाऱ्यावर टांग – बुरशी वरवरची असते, पाण्याने धुतलीस तर मात्र आत शिरते.

५१. कोयता हातातून हातात देऊ नकोस; जमिनीवर ठेव, दुसऱ्याला उचलू दे – दोन हात एकाच मुठीवर आले की कुणी सोडायचं हे ठरेपर्यंत उशीर होतो.

५२. खांडेनवमीला हळद-कुंकू पात्याला लाव, म्यानाला नको, आणि संध्याकाळी पूस – ओलं हळद-कुंकू रात्रभर राहिलं तर दसऱ्याला गंज दिसतो, आणि कातड्यावरचा कुंकवाचा डाग निघत नाही.

५३. शेजारी मागायला आला तर दे, पण म्यानासकट दे आणि म्यानासकटच परत घे – नुसता दिलेला कोयता गोठ्याच्या कुडात खोचलेला सापडतो, नि म्यान तुझ्या खुंटीला लटकत राहतं.

५४. रानात जाताना स्वच्छ सुती कापड सोबत ठेव. लागलंच तर जखमेवर दाबून धर, हात छातीच्या वर ठेव, दहा मिनिटं उघडून बघू नकोस – हळद, चहापूड, माती यांनी रक्त थांबत नाही, जखम चिघळते. खोल असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर सरळ घाटी रुग्णालय गाठ, आणि धनुर्वाताची सुई विचारून घे.

५५. पहिले पंधरा दिवस काम झालं की रिपिटा, मूठ आणि टाके एकेक करून बोटाने चाचप – नवं लाकूड नि नवं चामडं याच काळात आपली जागा धरतं. काही सैल लागलं तर त्याच आठवड्यात कारागिराकडे ने. तेव्हा दोन टाक्यांचं काम असतं, आणि तोही पैसे घ्यायला लाजतो. तू मात्र दे.